पोटाकडून बघणारी आत्या

हिराआत्या कुठल्याही वस्तूचं तोंड बघत नसे. वस्तू हातात आली की ती आधी उलटी करायची. पातेलं असो, पेरू असो, चप्पल असो, नाहीतर दिवाळीला कुणी दिलेलं मिठाईचं खोकं. "तोंड सगल्यांचाच साजरा असतो गो," ती म्हणायची, "पोटाकडनं बगाचा." माझ्या मोठ्या बहिणीला बघायला मंडळी आली, तेव्हा आत्याने पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्ताने दाराशी वाकून नवरदेवाच्या चपलांचे तळ बघून घेतले आणि स्वयंपाकघरात येऊन आईला सांगितलं, "एकाच बाजूनं झिजल्यात. मानूस तिरका हाय." लग्न झालं. पुढचं सांगत नाही. आत्या चुकली नव्हती, एवढंच.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. वाशीजवळच्या आमच्या बोनकोडे गावात बापाच्या वयाच्या बाईला आत्याच म्हणतात. तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, एका विटेची. आमच्याकडे कढईत डाव फिरला तरी तिला कळायचं आणि तिच्याकडे कुणी खोकलं तरी आम्हाला. गावात तिला कल्लेवाली म्हणायचे. खाडीत मासळी होती तोवर ती पाटी घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी स्वतःच बोटाने बोयटाचा कल्ला उघडून दाखवायची. "बग, लाल हाय का नाय? मंग घे." कल्ला फिका पडला की तो मासा पाटीतून बाजूला आणि मांजरीच्या पुढ्यात. बाकीच्या बाया हसायच्या. मांजरी मात्र तिच्या घरासमोर जाड्या असायच्या.

मग खाडीचं पाणी काळं झालं. सरकारने नव्या शहरासाठी घेतलेल्या आमच्या शेतांवर सेक्टर उभे राहिले, मिठागरं बुजली, आणि चिखलातल्या निवट्या मासोळ्यासुद्धा दिसेनाशा झाल्या. नव्वदीच्या मधल्या वर्षांची ही गोष्ट. आत्याचा नवरा कधीच गेला होता. तिने पाटी उपडी टाकली आणि तुर्भ्याच्या बाजूला भंगाराच्या गोदामात कामाला जाऊ लागली.

त्या गोदामात परदेशातून आलेलं फुटकं प्लॅस्टिक असायचं. बादल्या, टेलिफोनची टरफलं, खेळणी. बाया गोणपाटावर बसून त्यातल्या जाती निवडायच्या, कारण प्रत्येक जात वेगळी वितळते. एक चुकीचा तुकडा आत गेला तर सगळा घाणा नासतो. मुकादम अब्बासभाय होता, उरणच्या मोरा बंदराचा, आधी लाँचवर काम केलेला. त्याने आत्याला शिकवलं, "हिराबाय, डोल्यांवर जाव नको. दगडावर टाक आन् कानान् आयक." पडल्यावर टिणटिण वाजला तो ठिसूळ माल, ठप्प वाजला तो चिवट. तरी शंका असली तर काडी लावून वास घ्यायचा. आठ दिवसांत आत्या त्याच्या पुढे गेली. अब्बासभायने कौतुक केलं तर म्हणाली, "मासलीच हाय रे ही. मेलेली, एवराच."

दामू तिचा एकुलता एक. तो आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर नसलो तरी एका वर्गात. माझ्या भूमितीच्या आकृत्या तो काढायचा, त्याचे निबंध मी लिहायची. त्याच्या हाताला कंपासची गरज नव्हती, मोकळ्या हाताने वर्तुळ काढायचा आणि गुरुजी त्यावर कंपास ठेवून बघायचे. दहावीला तो इंग्रजीत नापास झाला. मी पास झाले, वाशीच्या कॉलेजात गेले, बी.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे. दामू पावणे गावाकडच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या मशीनवर लागला आणि दोन वर्षांत पर्मनंट झाला. आत्याच्या घरात पर्मनंट हा शब्द माझ्या डिग्रीपेक्षा मोठा होता. बरोबरच होतं.

एके दिवशी सकाळच्या पाळीत पत्रा निसटला आणि दामूच्या उजव्या मनगटावरून गेला. हात राहिला. पण आतल्या नसा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी त्या शिवल्या आणि सांगितलं की शिवलेली नस केसाच्या चालीने वाढते. वर्षभरात चिमटीत ताकद आली तर आली. कंपनीने सांगितलं, वर्षभर जागा ठेवतो. एका वर्षाच्या आत अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमटी जमली पाहिजे, म्हणजे नोकरी. नाही जमली तर नाही. आत्याने ते आपल्या भाषेत असं घेतलं, "चिमटी आली का मीठ उचलंल. मीठ उचलंल तो पोट भरंल."

हॉस्पिटलातल्या व्यायामवाल्या बाईंनी तांदूळ निवडायला सांगितले, कपड्याचे चिमटे लावायला सांगितले. चोवीस वर्षांचा माणूस ओट्यावर बसून दोरीला चिमटे लावतोय, हे गावातली पोरंटोरं उभी राहून बघायची. दामूने आठ दिवसांत चिमटे फेकून दिले. बोटांना स्पर्श कळत नव्हता. वस्तू धरली की सुटली, हे त्याला डोळ्याने बघावं लागे. मग गोदामात आत्याला ते ठोकळे सापडले.

तुम्ही बघितले असतील. लहान मुलांचे एकमेकांत बसणारे ठोकळे, वर बटणं, खाली पोकळ. एका विटेवर दुसरी दाबली की टक करून बसते. अब्बासभाय म्हणाला, घेऊन जा. आत्या ओचा भरून घेऊन आली. रविवार होता, मीही ओट्यावर होते. दामूने उजव्या हाताने एक उचलला, दुसऱ्यावर ठेवला, दाबला. सुटला. पुन्हा दाबला. पुन्हा सुटला. चौथ्या खेपेला त्याने तो भिंतीवर मारला.

"आये, माजा हात मेलाय. सोर."

आत्याने ते दोन्ही ठोकळे उचलले. आपल्या धडधाकट हाताने एकमेकांवर दाबले आणि उलटे धरले. खालचा गळून पडला. तिने पुन्हा दाबले, पुन्हा गळला.

"तुजा हात नाय मेला," ती म्हणाली. "यो मेलाय."

तिथून तिची निवड सुरू झाली. तिच्या लक्षात आलं की ह्या ढिगात दोन जाती आहेत. एक मूळ कंपनीचे, आणि दुसरे त्यांच्याकडे बघून कुणीतरी स्वस्तात ओतलेले. दिसायला जुळे भाऊ. पण दामूसाठी ह्या फरकावर सगळं उभं होतं. बोटांना कळत नसल्यामुळे त्याला फक्त कानाचा आधार होता. खरा ठोकळा बसला की टक वाजायचा आणि दामूला समजायचं, जमलं. खोटा बसला तरी वाजत नव्हता आणि सुटला की त्याला वाटायचं, हातच सुटला. "खोटा एक गेला तं त्याचे धा दिवस जातान," आत्या म्हणायची. म्हणून जर्मनचं पातेलं खऱ्यांना आणि नारळाची करवंटी खोट्यांना. करवंटीतला ठोकळा चुकून पातेल्यात जाता कामा नये, हा त्या घरातला एकमेव कायदा झाला.

तिची पारख बघायला मी संध्याकाळी ओट्यावर बसायची. ठोकळा हातात आला की आधी उलटा. पोटात नळ्या असतात, त्यांच्या कडा बघायच्या. खऱ्याच्या नळ्या गोल, जाड, कापल्यासारख्या सरळ. खोट्याच्या पातळ, एखादी वाकडी. मग ओट्याच्या दगडावर टाकायचा. मग उन्हाकडे धरायचा. खोट्याची कड उजेडाने पिवळट दिसते, पाणी घातलेल्या दुधासारखी. मग कुशीवरून बोट फिरवायचं. ओतताना प्लॅस्टिक जिथून आत शिरतं तिथे खोट्याच्या कुशीवर फोड राहते. आत्या तिला बेंबी म्हणायची. "खऱ्याला बी बेंबी हाय," ती म्हणाली, "पन तो झाकून ठेवतो. शाना मानूस." आणि शेवटची परीक्षा म्हणजे दोन जोडून उलटे धरायचे. पडला तर करवंटी. न पडता राहिला, पण काढताना दात लावावे लागले, तरी करवंटी. "वाऱ्याला सुटू नये आन् लेकराला सुटावा. तो खरा."

मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? मूळ कंपनीच्या ठोकळ्याच्या प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव बारीक अक्षरात असतं. नाव असेल तो खरा, नसेल तो खोटा. मी ग्रॅज्युएट, मला वाटलं मोठा शोध लावला. आत्याने बटणावर नख फिरवलं.

"मना वाचता येत नाय, पन नखाला लागतो तो. मना पैल्या दिवशीच लागला." मग ठोकळा पुन्हा उलटा केला. "नाव कोनी बी लिवतो गो. सातबाऱ्यावर आमचा बी नाव व्हता."



त्याच सुमाराला मला बेलापुरात एका ऑफिसात नोकरी लागली. पहिल्या पगारातून मी दामूसाठी वाशीच्या एका मोठ्या दुकानातून ठोकळ्यांचं नवं कोरं खोकं घेतलं. वर किल्ल्याचं चित्र, सोनेरी केसांची दोन मुलं, चकचकीत इंग्रजी. मी दुकानात उभी राहून वरचा शब्द न् शब्द वाचला होता. घरी आले, आत्याच्या हातात खोकं दिलं. तिने सवयीने ते उलटं केलं आणि कानाशी धरून हलवलं. तिचा चेहरा बदलला नाही. पण हलवायची ती थांबली, आणि मला कळलं.

"काय झालं?"

"काय नाय. साजरा हाय."

"आत्या, खरं सांग."

"टिणटिण करतोय गो."

दामूने खोकं उघडलं, एक काढून उन्हाकडे धरला. कड पिवळट. कुशीवर बेंबी. तो अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला. "बीकॉमला फसवला रे! इंग्लिशमंदी फसवला!" खोक्याच्या तळाला बारीक अक्षरात दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचं नाव होतं. मी फक्त वरची बाजू वाचली होती. मी चार दिवस त्यांच्या ओट्यावर गेले नाही. पाचव्या दिवशी आत्या वाटीभर सुकटाची चटणी घेऊन दारात आली. म्हणाली, "खोटा घेतलास म्हनून तू खोटी नाय झालीस. चल, भाकर हान." खोक्यातले ठोकळे करवंटीत गेले. खोकं मात्र तिने फळीवर ठेवलं, किल्ल्याचं चित्र बाहेर करून. दामूला हसवलं होतं म्हणून असेल.

चौथ्या महिन्यात भिंतीपलीकडून टक ऐकू आला. मी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी चहा घेत होते. एक टक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. आईने हातातलं पीठ तसंच ठेवलं. पलीकडून आत्याची हाक आली, "ऐकलास का गो?" मी भिंतीवर मूठ मारून सांगितलं, ऐकलं. तेव्हापासून रोज सकाळी मी ते मोजायची. सात. नऊ. एकदा चौदा. ऑफिसात कुणी विचारलं की आज खुशीत कशी, तर काय सांगणार? शेजारी एक माणूस ठोकळे जोडतोय.

त्या दिवसांत आत्या जरा वाहवली. एवढ्या सावध बाईच्या हातून जे व्हायला नको होतं ते झालं. गोदामातून आणलेले ठोकळे मळकट असायचे, तेलकट असायचे. दामूची जखम नुकती भरलेली, त्याला घाण लागू नये म्हणून तिने एका सकाळी पातेल्यातले सगळे खरे ठोकळे पाणी घालून चुलीवर ठेवले. आम्ही तिसऱ्यांचे शिंपले उकडतो तसे. तिसऱ्या उकळल्या की तोंड उघडतात, वाळू खाली बसते, स्वच्छ होतात. तिच्या हाताला स्वच्छ करायची तेवढी एकच रीत ठाऊक होती. उकळी आली, तिने पाणी ओतलं, फडक्यावर वाळत घातले. दिसायला लखलखीत झाले. पण जोडायला घेतले तर एकही धड बसेना. उष्णतेने त्यांची अंगं सुजली होती, पोटं वाकली होती.

मी संध्याकाळी आले तेव्हा ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. समोर फडकं, फडक्यावर रांगेने ठोकळे. मयताच्या घरी बसतात तशी बसली होती. "खरेच व्हते गो सगले," ती म्हणाली. "मीच मारले." दामू तिची समजूत काढत होता. "आये, दुसरे मिलतील." अब्बासभायने खरंच शोधले. आल्या मालातून मूठ मूठ बाजूला ठेवले. पण पहिल्यासारखा ढीग पुन्हा आला नाही. तीन-चार आठवडे दामूकडे जेमतेम ओंजळभर खरे ठोकळे होते.

आत्याने पुढे आयुष्यभर मानलं की ते आठवडे गेले म्हणून हात गेला. तसं नव्हतं. व्यायामवाल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की नस जिथवर यायची तिथवर येऊन थांबली आहे, ठोकळ्यांचा त्यात दोष नाही. मी ते आत्याला तीन वेळा समजावलं. तिने तिन्ही वेळा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू मना बरा वाटावा म्हनून बोलतंस." मी पुराव्यानिशी बोलत होते, पण पुरावा माझ्या तोंडात होता आणि तोंडावर तिचा विश्वास नव्हता.

टक कमी होत गेले. नऊचे पाच, पाचाचे दोन. दामूचा अंगठा तळहाताकडे वळायला लागला. बोटं मिटलेल्या कळीसारखी आत ओढली जाऊ लागली. काही सकाळी चहा संपायचा, मी चपला घालायची, आणि पलीकडून काहीच आलेलं नसायचं. आई मान खाली घालून भाकरी थापायची.

वर्ष संपायला महिना राहिला असेल. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर दामूसमोर ठोकळ्यांचा मनोरा. बारा-पंधरा थर. मी चाट पडले. सकाळपासून भिंतीतून एकही टक आला नव्हता, आणि मनोरा तर उभा. दामू माझ्याकडे न बघता पुढचा ठोकळा ठेवत होता. मनगटाने ढकलत, दोन बोटांच्या फटीत अडकवत. ठोकळा आवाज न करता बसला. म्हणजे नुसताच टेकला.

मी मागच्या दारी गेले. आत्या भांडी घासायच्या दगडावर बसली होती. मांडीवर करवंटी, बाजूला पातेलं. करवंटीतला एकेक ठोकळा उचलून, उलटा करून, नळ्या नीट बघून, पातेल्यात टाकत होती. मी वाकून एक उचलला. कुशीवर बेंबी होती.

"आत्या, हा खोटा आहे."

"मना शिकवतंस?"

"मग पातेल्यात कशाला?"

तिने हातातला ठोकळा उन्हाकडे धरून बघितला, मग तोही पातेल्यात टाकला.

"खरा आता त्याला बसत नाय गो. घट्ट लागतो. यो हलका बसतो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याला कलत असंल. त्याचा बी कान हाय. पन तो बोलत नाय तवर मी बी बोलत नाय. तू बी बोलू नको."

मी पुढच्या दारी आले. दामूने मनोऱ्यावर शेवटचा थर ठेवला होता. मागच्या दारातून भांड्यांचा आवाज येतोय ह्याची खात्री करून तो हळूच म्हणाला, "टक येत नाय. चार-पाच दिवस झाले. आयनं पातेला बदललाय." त्याने मनगटाने मनोरा सावरला. "तिला वाटतंय मना कलत नाय. तसाच वाटू दे. तू काय बोलू नको."

दोघांनी मला एकाच दुपारी एकच शपथ घातली. मी दोघांचीही पाळली. ह्यात मी शहाणपणा केला की भेकडपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर्ष संपलं तेव्हा कंपनीने बोलावलं. इंग्रजी लागेल म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन बरोबर गेले. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसली होती. तिला गेटवरच थांबवलं, वॉचमनने स्टूल दिलं. आतले साहेब वाईट नव्हते. त्यांनी दामूला खुर्ची दिली, चहा दिला, तो त्याने डाव्या हाताने घेतला. मग साहेबांनी टेबलावर एक बोल्ट उभा केला, बाजूला एक वॉशर ठेवला आणि म्हणाले, "हा उचलून त्यावर घाल. सावकाश घाल." दामूने बोटांनी वॉशर टेबलाच्या कडेपर्यंत ढकलत नेला, म्हणजे खालून अंगठा लावता येईल. कडेला आला, अर्धा बाहेर निघाला, आणि पडला. साहेबांनीच वाकून उचलून दिला. तीन वेळा पडला. तिसऱ्या वेळी साहेब वाकले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले. दामूच वाकला आणि डाव्या हाताने उचलून त्याने तो टेबलावर ठेवला, अगदी मधोमध.

गेटवर आत्या स्टुलावरून उठली. दामू तिच्या पुढून सरळ रस्त्याला लागला. तिने माझा दंड धरला.

"टक वाजला का गो?"

"वॉशरला टक नसतो, आत्या," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी पोस्टाने पत्र आलं. जाड कागद, वर कंपनीचं नाव उठावदार छापलेलं, आत इंग्रजी. आत्या ते घेऊन आमच्या दारात आली. "वाच." माझ्या शिक्षणाचा गावाला झालेला हा उपयोग. मी वाचलं. तुमच्या सेवेची कंपनी कदर करते. वैद्यकीय कारणास्तव. खेद वाटतो. पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं, जमेल तेवढं मऊ करून. इंग्रजी आधीच इतकं मऊ होतं की मला काही करावं लागलं नाही.

आत्याने पत्र माझ्या हातातून घेतलं. वरच्या नावावरून नख फिरवलं. मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने तो उन्हाकडे धरला, पुन्हा पालथा केला, पुन्हा बघितला.

"पोटाला कायच नाय," ती म्हणाली.

दामू पुढे गावातच एका नातेवाइकाच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसायला लागला. डाव्या हाताने सही शिकला. आत्या आणखी काही वर्षं गोदामात गेली. मग तेही बंद झालं आणि मग तीही गेली. मी लग्न होऊन खारघरला राहायला आले. माझ्या मुलीला तिच्या वाढदिवसांना ठोकळ्यांची खोकी मिळायची. मी ती कानाशी धरून हलवायची, पाहुण्यांसमोरच. नवरा डोळे वटारायचा. दुकानात तर मी वस्तू उलटी केल्याशिवाय घेतच नाही. ऑफिसात कागद आला तरी आधी मागची बाजू बघते. लोकांना वाटतं ही ऑडिटची सवय. असो.

पण मला आत्या आठवते ती पत्रानंतरच्या महिन्यातली. रविवार होता, मी सकाळी ओट्यावर केस विंचरत होते. दिवाळे गावाकडची एक कोळीण गल्लीत आली, पाटीत बोयटं. पूर्वी ही बाई आत्याच्या दारासमोर आली की पाऊल उचलायची, कारण आत्या एकेक कल्ला उघडणार, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणार. त्या दिवशी आत्याने स्वतः हाक मारली. कोळणीने पाटी उतरवली आणि नाइलाजाने एका बोयटाचा कल्ला उघडायला बोट घातलं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "दे दोन."

"बगत नाय?" कोळणीलाच राहवेना.

"काय बगाचा?"

कोळणीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिने दोन बोयटं काढून दिली. आत्याने ती ताटात घेतली, जशी ठेवली तशी, आणि आत गेली. दुपारी भिंतीपलीकडून कालवणाचा वास आला. मासा शिळा होता, आमच्या आईलाही इकडे कळलं. मी जाऊन बघितलं. दामू डाव्या हाताने जेवत होता. आत्या समोर बसली होती, तीही जेवत होती. दोघांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. मांजरी दारात बसून होत्या. त्यांच्यासाठी काही उरलं नव्हतं.